खुर्ची आणि पोटकलम

मराठीत राजकीय कादंबरी म्हटली की डोळ्यांसमोर खुर्ची येते. अरुण साधूंनी एका कादंबरीचे नावच ‘सिंहासन’ ठेवले. तिच्यात ‘मुंबई दिनांक’ मिसळून जब्बार पटेलांनी १९७९मध्ये जो चित्रपट केला, विजय तेंडुलकरांनी ज्याची पटकथा लिहिली, त्यालाही तेच नाव राहिले. मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो, आपल्याला पाडण्याचा कट शिजतो आहे हे त्यांना कळते, आणि मग अर्थमंत्री दाभाडे, कामगारनेता डिकास्टा, तस्कर, दुष्काळ असे सगळे त्या एका खुर्चीभोवती फिरू लागते. शेवटी जिवाजीराव होते तिथेच राहतात. वेड लागते ते हे सारे पाहणाऱ्या वार्ताहराला, दिगू टिपणीसला. मराठी वाचक-प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांची राजकारणाची समज या कथेने घडवली आहे. आजही मंत्रिमंडळ डळमळले की वर्तमानपत्रे हेच नाव मथळ्यात वापरतात.

माझी तक्रार या कलाकृतींच्या दर्जाबद्दल नाही. साधू स्वतः पत्रकार होते, सचिवालयाचे जिने त्यांना पाठ होते, आणि ते वाक्यावाक्यात जाणवते. तक्रार आहे ती नजरेच्या सवयीबद्दल. या कथांत सत्ता म्हणजे कोणीतरी बसलेली जागा असते. पैसाही असतो, पण तो बहुतेक वेळा निष्ठेची किंमत म्हणून येतो. माणूस विकत घेतला गेला की पैशाचे काम संपते. प्रत्यक्षात पैशाचे खरे काम तिथून पुढे सुरू होते, आणि ते करण्यासाठी त्याला कोणालाही विकत घ्यावे लागतेच असे नाही. लोकशाही, सरकार आणि भांडवल यांचा संसार पाहायचा तर खुर्चीवरून नजर जरा खाली आणून टेबलावरच्या कागदाकडे पाहावे लागते. तो कागद आपल्या साहित्याने किती वाचला, हा प्रश्न आहे.

मी हे अंबत्तूरला बसून लिहितो आहे, आणि त्याचा या प्रश्नाशी संबंध आहे. चेन्नईच्या या पश्चिम उपनगरात १९६४मध्ये सरकारने औद्योगिक वसाहत उभारली. त्याआधी १९५८मध्ये गिंडीची वसाहत झाली होती, आणि इकडे महाराष्ट्रात १९६२मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली ‘एमआयडीसी’, स्थापन होऊन ठाण्याची वागळे इस्टेट आकार घेत होती. पद्धत सगळीकडे तीच. जमीन सरकारने घ्यायची, रस्ते, वीज, पाणी सरकारने द्यायचे, भूखंड आणि शेड उद्योजकाच्या हाती सोपवायच्या. अंबत्तूरमध्ये त्याआधीच मुरुगप्पा समूहाचा ब्रिटिश भागीदारीतला सायकल कारखाना होता, डनलॉपचा टायर कारखाना होता. त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान कारखानदार वसाहतीत वाढले. तेव्हा मद्रासमध्ये काँग्रेसचे राज्य होते. १९६७मध्ये द्रमुक आला, १९७७मध्ये अण्णाद्रमुक, आणि पुढे हे आलटून पालटून चालूच राहिले. घोषणा बदलल्या, पुतळे बदलले, रस्त्यांची नावे बदलली. भूखंडांची नोंदवही मात्र त्याच हिशेबाने पुढे लिहिली जात राहिली. आज त्याच वसाहतीच्या हद्दीत लेथ मशीनच्या शेडशेजारी आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. त्या उभ्या राहण्यासाठी कोणतेही सिंहासन उलथावे लागले नाही. संगणकाचे काम हाही उद्योगच आहे, एवढे कागदावर धरले गेले की पुरे होते.

ही गोष्ट दिगू टिपणीसला सांगता आली नसती. तिच्यात कट नाही, रात्रीचा फोन नाही. खलनायक शोधायला गेलो तर एखादा अवर सचिव सापडेल, आणि तोही एव्हाना निवृत्त झालेला असेल.

मराठीत या गोष्टीच्या सर्वांत जवळ जाऊ शकला असता तो साखर कारखाना. लोकशाही, सरकार आणि भांडवल ही तिन्ही एकाच आवारात सापडतील अशी दुसरी जागा भारतात शोधून मिळणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा कारखाना उभा राहिला, १९५०-५१मध्ये तिथे पहिला गाळप हंगाम झाला. एक सभासद, एक मत. शेअर किती का असेनात, मत एकच. कागदावर यापेक्षा शुद्ध लोकशाही कुठली? पण कारखान्याला परवाना केंद्राचा, भागभांडवलात वाटा राज्याचा, कर्ज सहकारी बँकेचे आणि त्या कर्जाला थकहमी पुन्हा राज्याची. उसाचा किमान भाव ठरवणार सरकार, दोन कारखान्यांमधले अंतर ठरवणारही सरकार. म्हणून चेअरमन होणाऱ्याला आमदार व्हावेच लागले, आणि आमदार राहायचे तर कारखाना हातात असावा लागला. सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५६मध्ये लिहिले होते की कंपन्या, सरकार आणि सैन्य यांच्या शिखरावरची माणसे एकमेकांच्या जागा आलटून पालटून घेतात. आपल्याकडे ती गैरसोयही नको म्हणून एकाच माणसाने कारखाना, बँक, शिक्षणसंस्था आणि मतदारसंघ एकदमच सांभाळले.

यावर १९७५चा ‘सामना’ आला. पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकर. निळू फुल्यांचे हिंदुराव धोंडे पाटील आणि श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर ही जोडी मराठी पडद्यावर नंतर झाली नाही. गावातून नाहीसा झालेल्या मारुती कांबळेबद्दल मास्तर एक साधा प्रश्न विचारतो, विचारत राहतो, आणि त्या प्रश्नाने सगळे साम्राज्य हादरते. चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता, आणि तो मान त्याला शोभतो. फुल्यांनी हिंदुरावांना जी आपुलकी दिली आहे, पाहुण्याला जेवू घालण्यातला जो खरा जिव्हाळा दाखवला आहे, त्यामुळे तो माणूस व्यंगचित्र होत नाही. त्याला खरोखरच वाटते की या माळरानावर आपण सोने पिकवले आणि त्याच्या बदल्यात एखादा मारुती गेला तर गेला.

पण शेवटी हिंदुरावांचा पाडाव होतो, आणि तिथेच माझे पाऊल अडखळते. प्रेक्षक मोकळा होऊन बाहेर पडतो. कारखान्याचे काय? पुढच्या गाळप हंगामाआधी संचालक मंडळाची निवडणूक होईल, बहुधा बिनविरोध होईल, आणि नवा चेअरमन त्याच थकहमीच्या कागदावर सही करेल. हिंदुरावांची ताकद त्यांच्या मिशीत किंवा त्यांच्या गुंडांत नव्हती. कोणाचा ऊस कधी तोडायचा, हे ठरवण्यात ती होती. ज्याच्या शेतावर टोळी वेळेवर पोहोचत नाही त्याच्या उसाला तुरा येतो, वजन घटते, आणि त्याने निवडणुकीत कोणाला मत दिले होते हे विचारण्याची कोणालाही गरज उरत नाही. बिलातून बिनपरतीची ठेव कापली जाते ती सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने, हात वर करून, रीतसर. इथे लोकशाही पायदळी तुडवली जात नाही, ती काटेकोरपणे पाळली जाते. ‘सामना’मध्ये कारखाना आहे, पण ही तोडीची पाळी कथेला वळण देत नाही. एका खुनाने ते काम करावे लागते.

आणि या लोकशाहीची हद्द सभासदाच्या बांधापाशी संपते. बीडहून, नगरच्या पूर्वेकडून दरवर्षी येणारी ऊसतोड जोडपी कारखान्याची मतदार नाहीत. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हंगाम संपतो आणि पुन्हा नवी उचल. बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या कारखान्याचा जो अभ्यास १९८०मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने मांडला त्यात गटातटांचे, निवडणुकांचे, आमदारकीच्या डावपेचांचे बारीक वर्णन आहे, आणि ते कुठल्याही कादंबरीइतके रंगतदार आहे. आपल्या कादंबरीकारांनी तो हाताळला असता तर बरे झाले असते. निदान संचालक मंडळाच्या बैठकीत माणसे काय बोलतात ते तरी कळले असते.

अपवाद एक ठळक आहे. रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ ही १९९४ची कादंबरी, जिला १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. स्वातंत्र्यलढ्यापासून आणीबाणीनंतरच्या काळापर्यंतचा पट तिच्यात आहे, आणि तिच्यात संस्था ही एखाद्या पात्रासारखी वाढते, वयात येते, लबाड होते. चांगल्या हेतूने सुरू झालेली शाळा किंवा कारखाना कोणाच्याही एका दुष्ट निर्णयाशिवाय हळूहळू काही घराण्यांच्या मालकीचा कसा होतो, हे पठारे दाखवतात. कादंबरी जाडजूड आहे, मधूनमधून ती भाषण देऊ लागते, आणि काही प्रकरणे संपादकाने कापली असती तर कोणाचे नुकसान झाले नसते. तरीही खुर्चीऐवजी कागद वाचणारी मराठी कादंबरी दाखवा म्हटले तर मी तिचेच नाव घेईन. ‘सिंहासन’च्या तुलनेत तिचे वाचक थोडे का, याचे उत्तर तिच्या पानांच्या संख्येत थोडेसे आहे, आणि बरेचसे आपल्या आवडीत.

ही सवय फक्त मराठी नाही, हे इथे राहून तमिळ वाचताना कळते. १९६८च्या डिसेंबरात, नाताळच्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेणमणी गावात ४४ दलित माणसे, बहुतेक बायका आणि मुले, एका झोपडीत जाळून मारली गेली. शेतमजूर लाल बावट्याखाली भाताच्या वाढीव मजुरीसाठी भांडत होते, आणि समोर संघटित जमीनदार होते, ज्यांना तिथे मिरासदार म्हणतात. (हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे तो आता आडनावात आणि विनोदी कथांच्या मुखपृष्ठावर राहिला आहे, तिथे तो जमिनीवर होता.) राज्यात द्रविड चळवळीचे सरकार नुकतेच लोकांच्या मतांवर निवडून आले होते. या घटनेवर इंदिरा पार्थसारथी यांनी ‘कुरुदिप्पुनल’, म्हणजे रक्ताचा पूर, ही कादंबरी लिहिली, आणि तिला १९७७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातल्या जमीनदाराच्या क्रौर्यामागे त्याचे नपुंसकत्व आहे. डाव्या समीक्षकांनी तेव्हाच आक्षेप घेतला की मजुरीचा प्रश्न तुम्ही शयनगृहात नेऊन ठेवलात. मला हा आक्षेप बहुतांशी पटतो. ज्या वर्गाला भात मोजून द्यायचा नव्हता त्याच्या रागाला वेगळ्या मनोविश्लेषणाची गरज नव्हती.

या प्रकरणातला सर्वांत थरकाप उडवणारा मजकूर कादंबरीत नाहीच. तो न्यायालयाच्या निकालात आहे. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिलेल्या जमीनदारांना मद्रास उच्च न्यायालयाने पुढे निर्दोष सोडले, आणि त्यामागच्या विचारात असाही एक धागा होता की एवढ्या जमिनीचे धनी असलेली श्रीमंत माणसे स्वतः चालत जाऊन घरे पेटवतील हे संभवत नाही. त्यांनी नोकर पाठवले असते. हे वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. सत्ता इथे कोणाला लाच देत नाही, कोणाला धमकावत नाही. श्रीमंत माणूस कसा वागतो याबद्दलची एक समजूत न्यायासनाच्या मनात आधीच आहे, आणि ती पुराव्याची जागा घेते. कादंबरीकाराच्या हाती हे वाक्य लागायला हवे होते. निकाल आणि कादंबरी यांचा काळ जवळजवळ एकच.

मुंबईच्या गिरण्यांची गोष्टही एका शब्दाची आहे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, आणि त्याचे नायक-खलनायक सगळ्यांना माहीत आहेत. पण गिरणगाव गेले ते संपाने नाही, संपानंतरच्या जमिनीने. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करायची झाल्यास तिचे साधारण तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. (गिरण्याही ५८च होत्या. कादंबरीकाराने असा योगायोग रचला असता तर आपण नावे ठेवली असती.) २००१मध्ये नियमात दुरुस्ती झाली, आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या शेडखालची, चिमणीखालची जमीन वाटणीतून बाहेर गेली. आणि गिरणी म्हणजे शेडच तर असते! पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेली, उच्च न्यायालयात जिंकली, आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. शेकडो एकर जमिनीचे भवितव्य बदलणारी ही घटना कोणत्याही मराठी कादंबरीच्या मध्यभागी घडलेली मला माहीत नाही.

मात्र जयंत पवारांचे १९९७चे ‘अधांतर’ आहे. धुरींच्या खोलीत सगळे नाटक घडते. आई, लेखक व्हायला निघालेला बाबा, क्रिकेटवर जीव असलेला मोहन, गुंडगिरीकडे गेलेला नरू, आणि बहीण मंजू. मंत्री रंगमंचावर येत नाही, मालक येत नाही, नियमावलीचे नावही कोणी काढत नाही. तरी ती सत्ता खोलीत सतत जाणवते, कारण कोणालाही उद्या काय करायचे ते ठरवता येत नाही. पवारांनी खलनायक दाखवलाच नाही, आणि त्यामुळे प्रेक्षकाला मोकळे होता येत नाही. ‘सामना’ पाहून उठताना जो सुटकेचा श्वास मिळतो तो इथे मिळत नाही. नाट्यदृष्ट्या हा धोका होता, आणि तो पवारांनी जाणूनबुजून पत्करला असे मला वाटते.

अलीकडचा एक दस्तऐवज या संदर्भात वाचण्यासारखा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ला निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, आणि मार्चमध्ये याद्या जाहीर झाल्या. आधी दोन वेगळ्या याद्या आल्या: एकीत रोखे घेणारे, दुसरीत वटवणारे पक्ष. कोणाचा रोखा कोणाकडे गेला, हे सांगणारे क्रमांक त्यांत नव्हते. न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर ते आले. मला यात कथनशास्त्राचा धडा दिसला. पात्रे दिली, घटना दिल्या, फक्त त्यांच्यातला कार्यकारणसंबंध काढून घेतला. आणि तोच तर कथानक असतो. सर्वांत मोठा खरेदीदार निघाली कोइंबतूरची फ्यूचर गेमिंग ही लॉटरी कंपनी, १,३६८ कोटींची. तिच्याकडून द्रमुकला ५०९ कोटी मिळाले होते, हे त्या पक्षाने स्वतःच्या विवरणात नावानिशी सांगितले होते. बहुतेक मोठ्या पक्षांनी देणगीदाराचे नाव सांगायचे टाळले, म्हणून हे नोंदवायला हवे. तमिळनाडूत लॉटरी विक्रीवर २००३पासून बंदी आहे, हेही. यातून कोण कोणाच्या खिशात, असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. पण एखाद्या राज्यात जिच्या धंद्याला बंदी आहे ती कंपनी तिथल्या सत्ताधारी पक्षाला एवढे पैसे देते, याचे कथानक काय असावे, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारायला हरकत नाही.

आता माझ्याच म्हणण्यावरचा एक आक्षेप, कारण तो वजनदार आहे. कागद वाचा, नियम वाचा, व्यवस्था पाहा, असे म्हणत गेलो की शेवटी कोणीच जबाबदार उरत नाही. ‘व्यवस्था’ हा शब्द मराठी वैचारिक लेखनात इतका सैल झाला आहे की त्याच्या आडोशाला कोणीही निवांत झोपू शकतो. मास्तरचा प्रश्न म्हणूनच मोठा आहे. तो व्यवस्थेबद्दल विचारत नाही, मारुती कांबळे नावाच्या माणसाबद्दल विचारतो. हे मला मान्य आहे, आणि ‘सामना’ अजून पाहवतो तो त्यामुळेच. पण नाव घेऊन विचारायचे तर दोन्ही बाजूंची नावे हवीत. मारुतीचे काय झाले, हे विचारताना थकहमीच्या ठरावावर सूचक कोण आणि अनुमोदक कोण, हेही विचारायला हवे. मे २०११मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले तेव्हा अशी नावे काही काळ वर्तमानपत्रांत होती. मग आजारी कारखान्यांची विक्री कोणाला, किती किमतीला झाली, यावर आरोप-प्रत्यारोप झाले, आणि विषय पुन्हा कोण मुख्यमंत्री होणार याकडे वळला.

तेंडुलकरांना हे १९७२मध्ये दिसले होते. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना घाशीरामला पद देतो, आणि वेळ आल्यावर जमावाच्या हवाली करतो. जमावाला न्याय मिळाल्यासारखे वाटते, उत्सव होतो, नाना शाबूत राहतो. खुर्चीवरचा माणूस बळी देऊन खुर्चीची सोय टिकवण्याचे हे तंत्र त्यांना नेमके कळले होते. मग तीन वर्षांनी ‘सामना’त हिंदुराव पडतात आणि आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा त्या टाळ्यांकडे नाना कोणत्या नजरेने पाहील, असे मला राहून राहून वाटते.

अंबत्तूरच्या वसाहतीत आता कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने ओडिशा, बिहार, झारखंडहून आलेले आहेत. त्यांचे मत इथे नाही. इथल्या निवडणुकीत ते कोणाला पाडू शकत नाहीत, आणि गावाकडच्या निवडणुकीला रजा मिळेलच असे नाही. उद्योजकांची संघटना आहे, तिची निवडणूक होते, सरकारदरबारी तिचे वजन आहे. ती लोकशाही खरीच आहे, साखर कारखान्याची होती तशी. कामगार एका खोलीत सहा-आठ जण राहतात, पाळ्या बदलतात तसे आळीपाळीने झोपतात. त्यांतल्या कोणाला लिहायचे असेल तर ते ओडियात लिहिले जाईल, किंवा भोजपुरीत, संथालीत. त्यात मंत्री बहुधा नसेल. ठेकेदाराचे हजेरीपुस्तक असेल, आणि त्यातला एखादा रकाना.